गाडी लाटेत उभी करू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारी आपल्या पुरवणीत जुन्या मोटरसायकली घरच्या घरी उभ्या करणाऱ्यांवर पानभर मजकूर आला होता. मजकूर मी दोनदा वाचला. फोटो एकदाच बघितला आणि पेपर पालथा घातला. जुनी, रानवाटांसाठी बनवलेली गाडी, नवाकोरा रंग, आरशासारखं क्रोम, आणि ती उभी कुठे, तर कोकणातल्या पुळणीवर, लाटेच्या फेसात, अर्धं चाक पाण्यात. खाली ओळ: ‘पन्नाशीतही तरुण’. अहो, त्या फोटोनंतर तिच्या स्पोकांचं काय झालं असेल, हे फोटो काढणाऱ्याला कुणी विचारलं का?

मी वीज मंडळात छत्तीस वर्षं वायरमन होतो. २०१९ साली निवृत्त झालो. घर राजापूर तालुक्यात नाटे गावाजवळ, समुद्र अर्ध्या कोसावर. माझ्याकडे १९७६ सालची यामाहा डीटी १७५ आहे. हौशी माणूस म्हणून मी लिहीत नाही. ही गाडी मी आधी नोकरीसाठी वापरली, मग वीस-बावीस वर्षं मरू दिली आणि पुन्हा जिवंत केली. मधल्या चुका माझ्याच आहेत. त्यातल्या काही आपल्या लेखात सल्ला म्हणून छापून आल्या, म्हणून हे पत्र.

गाडी आमच्या थोरल्या बंधूंची. भाई कुवेतला होते, तिथेच त्यांनी ती घेतली आणि १९८० साली परत येताना सामानाबरोबर मुंबई बंदरात उतरवली. कस्टमचे कागद अजून ट्रंकेत आहेत. भाईंना ती इथे फारशी लाभली नाही. त्यांना खाली बसून दामटायची गाडी हवी होती, आणि हिची सीट माझ्या कमरेला लागते. मी नोकरीला लागलो तेव्हा ती माझ्या नावावर झाली.

त्या काळी आमच्याकडची खांबांची लाइन सड्यावरून, म्हणजे कातळाच्या माळावरून जायची. पावसात रात्री डीओ, म्हणजे खांबावरचा फ्यूज उडाला की सायकल खांद्यावर घेऊन पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट चढायची, ही रीत. डीटी आली आणि ती रीत मोडली. पुढचं चाक एकवीस इंची, मागचं अठरा, सायलेन्सर पोटाखालून न जाता वरून गेलेला, मडगार्ड चाकापासून वीतभर उंच. जांभ्याच्या पायऱ्यांवरून ती शेळीसारखी चढायची. यामाहाने १९६८ साली अडीचशे सीसीची डीटी-१ विकायला काढली ती याच कल्पनेवर, की डांबरी आणि मातीचा रस्ता एकाच गाडीने जाता यावा. माझी तिची धाकटी बहीण. प्रत्यक्षात १७१ सीसी, टू-स्ट्रोक, पाच गिअर, सहा व्होल्टची वीज. हेडलाइटबद्दल वायरमनने बोलू नये; घाटात वेग कमी केला की समईएवढा उजेड.

१९९६ साली खात्याने जीप दिली आणि गाडी गोठ्याच्या आडोशाला गेली. ती माझी पहिली चूक, आणि तिच्याबद्दल कुठे लिहिलेलं मी वाचलं नाही. गुरांच्या मुताचा अमोनिया तांब्या-पितळेला खातो. २०१९ मध्ये निवृत्तीच्या दुसऱ्या आठवड्यात गाडी बाहेर काढली, तेव्हा लोखंड गंजलेलं होतं हे ओघाने आलंच, पण वायरिंगची प्रत्येक कडी हिरवीगार होऊन बोटात चुरत होती. कार्बोरेटरचे पितळी जेट काळेनिळे. एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी संसार थाटलेला. पिस्टन सिलिंडरला धरून बसलेला.

लेखात म्हटलं आहे, की अडकलेलं इंजिन ‘हलक्या हाताने ठोकून’ मोकळं करावं. करू नये. मी प्लग काढून त्या भोकातून डिझेल आणि गिअर ऑइल अर्धं-अर्धं ओतलं आणि तीन आठवडे वाट बघितली. रोज सकाळी चहाच्या आधी गाडी वरच्या गिअरात टाकून मागचं चाक हाताने पुढे-मागे हलवायचं, एवढंच. अठराव्या दिवशी सुताएवढं हललं. घरात साखर वाटली म्हणायला हरकत नाही.

मग स्क्रू. जपानी गाडीच्या स्टारस्क्रूची खाच आपल्या स्टारपान्याहून निराळ्या घडणीची असते. दिसायला सारखी, पण जोर लावला की आपला पाना उसळून बाहेर येतो आणि डोकं झिजवून टाकतो. त्यात खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमच्या केसिंगमध्ये लोखंडी स्क्रू बसला की दोन धातूंत पांढरी भुकटी धरते, आणि ती सिमेंटसारखी पकडते. सात स्क्रू मी फुकट घालवले. शेवटी हातोडीचा ठोका बसला की आपोआप फिरणारा इम्पॅक्ट पाना आणला आणि बाकीचे निघाले. आता सगळीकडे ॲलन बोल्ट आहेत, आणि प्रत्येकाच्या आट्याला बोट फिरवून ग्रीस. ही युक्ती मला नाट्याच्या जेटीवर होडीचं इंजिन बसवणाऱ्या एका खलाशाने शिकवली. मूळचे स्क्रू गेले म्हणून गाडीचं ‘अस्सलपण’ गेलं, असं आपला लेखक म्हणेल. म्हणू दे. पुढच्या वेळी खोलणाऱ्याला ती खोलता येईल.

टाकीची गोष्ट सांगायला मला लाज वाटते, पण सांगतो. आत गंजाचे पापुद्रे होते. घरात तांब्याचा बंब आमसुलाने लखलखीत होतो, तर टाकी का नाही, असं मला वाटलं. मागच्या वर्षीचं आगळ, म्हणजे साठवणीचा कोकमाचा रस उरला होता, दोन बाटल्या आत ओतल्या. दोन दिवसांनी ओतून बघतो तो गंज गेलेला, पत्रा रुप्यासारखा. खूश होऊन टाकी उन्हात ठेवली आणि जेवायला गेलो. हात धुऊन येईतो आतून केशरी! आमसूल आंबट, ते काम करतं. पण आगळात मीठ असतं हे मी विसरलो. मीठ लोखंडावर राहिलं की ते नुसतं गंजवत नाही, टोचून टोचून भोकं पाडतं. सौभाग्यवतीने वाया गेलेल्या आगळाचा हिशोब अजून मिटवलेला नाही. मग रीतसर केलं: कोमट पाण्यात लिंबूसत्त्व, एक रात्र, मूठभर बारीक खिळे टाकून हलवणं, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आम्ल मारणं, लगेच पुसून-वाळवून आत टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकचं ऑइल फिरवणं. ‘लगेच’ हा शब्द इथे सगळ्यात महत्त्वाचा. मध्ये जेवायला जाऊ नये.

आता माझी खरी चूक, जिच्यात पैसे गेले. सिलिंडर कोल्हापूरला उद्यमनगरात बोअर करून, म्हणजे आतून कातून आणला. ओव्हरसाइज पिस्टन आणि रिंगा भाच्याने परदेशातून मागवून दिल्या. मुख्य बेअरिंगांचं सोपं असतं, कडेला नंबर कोरलेला असतो, मापाची बेअरिंगं कुठेही मिळतात. ऑइलसील म्हणजे दांड्याभोवतीची रबरी कडी, तिच्यावरही माप लिहिलेलं असतं. उजवीकडचं, क्लचच्या बाजूचं सील मी नवीन घातलं. डावीकडचं, मॅग्नेटच्या मागचं, बोटाला मऊ लागलं, दिसायला चांगलं होतं, ठेवून दिलं. वाचवले किती? शंभर रुपयेही नाहीत.

ज्यांना टू-स्ट्रोक माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. या इंजिनात पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी खाली क्रँकच्या पेटीत जातं आणि तिथून दाबाने वर सिलिंडरमध्ये. ती पेटी हवाबंद हवी. क्लचकडचं सील गेलं तर पेटी गिअरचं ऑइल ओढते, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, आणि माणूस सावध होतो. मॅग्नेटकडचं गेलं तर ती नुसती हवा ओढते. धूर नाही, आवाज नाही. मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. असं मिश्रण जळलं की पिस्टन फाजील तापतो. खूण एकच असते. गरम गाडीचा ॲक्सिलेटर सोडला तरी इंजिन लगेच खाली येत नाही, आपल्याच तंद्रीत वर फिरत राहतं. माझी गाडी तेच करत होती. मला वाटलं, काय मोकळं इंजिन झालंय!

अणुस्कुरा घाटात अर्ध्या चढावर इंजिन जाम झालं आणि तिने मागचं चाक धरलं. गाडी दहा हात काळी रेघ ओढत गेली आणि थांबली. क्लच दाबायचं भान राहिलं म्हणून मी गाडीवरच राहिलो. कोकणातून वर चाललेल्या आंब्याच्या टेम्पोने मला आणि गाडीला मलकापुरापर्यंत पोचवलं. पिस्टनवर उभे ओरखडे, सिलिंडर पुन्हा बोअरला, पिस्टन पुन्हा परदेशातून, चार महिने आणखी. वीस-बावीस वर्षं कोरडं पडलेलं रबर दिसायला चांगलं असलं तरी गरम झाल्यावर ओठ सोडतं. आपल्या लेखात रंगाच्या थरांवर दोन परिच्छेद आहेत आणि ऑइलसीलवर शब्द नाही. दुसऱ्यांदा इंजिन भरल्यावर मी कार्बोरेटर आणि सायलेन्सरच्या तोंडांना रबराचे बूच मारले, सायकलच्या पंपाने थोडी हवा भरली आणि जोडांवर साबणाचा फेस लावून, बुडबुडा कुठे येतो ते बघत बसलो. वायरमन आधी लाइन मेलेली आहे का ते तपासतो, मग हात लावतो. हे मला स्वतःच्या गाडीपाशी सुचायला एक घाट चढावा लागला.

ऑइलच्या पंपाबद्दलही एक. यामाहाने १९६४ पासून टू-स्ट्रोकला वेगळी ऑइलची टाकी आणि पंप दिला, ॲक्सिलेटर जितका ओढाल तितकं ऑइल. बरेच मिस्त्री तो पंप काढून टाकतात आणि ऑइल पेट्रोलात मिसळायला सांगतात. त्यांची भीती खोटी नाही, पंप बंद पडला तर इंजिन गेलं. पण तो सहसा बंद पडत नाही. नळीत हवेचा बुडबुडा राहतो म्हणून ऑइल येत नाही. पंपाचा छोटा स्क्रू सैल करून बुडबुडा जाईपर्यंत ऑइल वाहू द्यावं. मी ऑइलच्या टाकीवर रंगाची रेघ मारून ठेवली आहे. पेट्रोल भरताना रेघ बघतो. खाली गेली असेल तर पंप चालतोय. रेघ तिथेच असेल तर मी घाबरतो.

आता सांभाळण्याचं. लेखातला सल्ला असा: पावसाळ्यापूर्वी टाकी काठोकाठ भरावी, गाडीला प्लॅस्टिकचं कव्हर घालावं, आठवड्यातून एकदा दोन मिनिटं चालू करावी. घाटावर चालत असेल. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तो बहुतेक चार महिन्यांत. प्लॅस्टिकखाली गाडीला घाम फुटतो. मी जुनी सुती गोधडी घालतो, खालून हवा खेळती, चाकाखाली फळी. इंजिनाशेजारी जुना, तारेचा चाळीसचा बल्ब लावतो, जसा लोक कपाटात बुरशीसाठी लावतात.

टाकी भरून ठेवायचा सल्ला एके काळी बरोबर होता, मीही तेच करायचो. पण आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी पितं. जास्त झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी बसतात, आणि कार्बोरेटरला तळातलंच आधी मिळतं. शिवाय १९७६ च्या रबराला ते सोसत नाही. टाकीखालच्या पेट्रोलच्या कॉकचं वॉशर फुगून पेट्रोल ठिबकायला लागलं, तेव्हा मला हे कळलं. म्हणून मी मेच्या मध्यावर टाकी आणि कार्बोरेटर दोन्ही रिकामे करतो आणि टाकीत वाटीभर टू-टी ऑइल फिरवून ठेवतो. पावसाने उसंत दिली की पेलाभर ताजं पेट्रोल घालून निघतो. दोन मिनिटांचं चालू-बंद करत नाही. तेवढ्यात सायलेन्सरमध्ये धुराबरोबरचं पाणी जमतं आणि वाळायच्या आत इंजिन थंड होतं. चालवायची तर दहा किलोमीटर, हात लावला की चटका बसेल इतकी. धुवायची ती गोड्या पाण्याने. आमच्या खालच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, त्या पाण्याने कपडेही धूत नाहीत, गाडी कशी धुवायची? जूनचा पहिला पाऊस मात्र फुकटचा. गाडी खळ्यात उभी करून द्यावी, वर्षभराचं मीठ उतरतं.

यावरून पुन्हा त्या फोटोवर येतो. पुळणीवर गाडी घालणं हे गाडीला वाईट आहेच, पण फक्त गाडीलाच नाही. नोव्हेंबरपासून मेपर्यंत आमच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी वाळूत असतात. वेळास, आंजर्ले, गुहागर सगळ्यांना माहीत झालं. आमच्या राजापुरात वेत्येलाही असतात. चाकाची एक खोल चाकोरी पिल्लाला दरीसारखी. तीच गोष्ट सड्याची. तिथल्या खडकात कोरलेली कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली, आणि त्यानंतर चाकांच्या खुणा वाढलेल्या मी स्वतः बघतो. नोकरीत मी तेरा वर्षं सड्यावर ही गाडी चालवली. तेव्हा त्या रेघांना आम्ही पांडवांचं काम समजायचो आणि वाट सोडायचो नाही, म्हणून वाचलो. आता वाट सोडणं हीच मजा समजली जाते. रानवाटेची गाडी म्हणजे रानाच्या वाटेने जाणारी. वाट सोडून जायचा परवाना नव्हे.

शेवटचा मुद्दा सरकारी आहे. लेखात जुन्या गाड्यांना ‘विंटेज’ नोंदणीची सोय झाल्याचं कौतुक आहे. जुलै २०२१ चा हा नियम मी वाचला आहे. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, मूळ स्वरूपातली गाडी, वीस हजार रुपये, दहा वर्षांची नोंदणी, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं. माझी गाडी यंदा पन्नाशीत बसते. पण त्या पाटीची गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढंच. आणि साधी नोंदणी पुढे चालवायची म्हटली, तर ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या आयात दुचाकीला नूतनीकरणाचे वीस हजार, तेही पाचच वर्षांसाठी, वर पर्यावरण कर निराळा. मी २०२१ मध्ये नूतनीकरण केलं तेव्हा अडीच हजार भरले होते. गाडी गोठ्यात मेली होती तेव्हाही मी कागद मरू दिले नाहीत. आता गाडी जिवंत आहे आणि कागद महाग झाले. जुन्या गाड्या धूर करतात, त्या कमी व्हाव्यात, हे मला पटतं. माझी वर्षाला हजारभर किलोमीटर चालते. तेवढ्या वापराला, तपासणी करून, परवडेल अशी तिसरी वाट का नसावी? प्रदर्शनात उभी राहणारी गाडी चालते आणि रेशनला जाणारी चालत नाही, हे मला समजत नाही. आपल्या वार्ताहराने यावर जरूर विचारपूस करावी. रंगाच्या थरांपेक्षा ते उपयोगी पडेल.

माझी मुदत ऑगस्टमध्ये संपते. वीस हजार भरायचे, ते मी ठरवलं आहे, साध्या नोंदणीसाठी. घरात अजून सांगितलेलं नाही, आगळाचा हिशोब आधी मिटू दे.

मेच्या मध्यावर टाकी रिकामी करीन, ते पेट्रोल ग्रासकटरला जाईल. तोवर आपल्या लेखकांना आमच्याकडे यायचं असेल तर अवश्य यावं. गाडी चालवायला देईन. पहिल्या किकेला ती कुणाचंच ऐकत नाही, तिसरीला ऐकते. पहिला गिअर खाली, बाकीचे चार वर. समुद्र बघायचा असेल तर गाडी गडग्यापाशी, दगडी कुंपणालगत लावू आणि पुढे चालत जाऊ.

आपला,
एक निवृत्त वायरमन
ता. राजापूर, जि. रत्नागिरी